अण्णा, टाळ्या कशाला वाजवल्यात?

अण्णा, आधी टाळ्यांचं सांगा. बाकी सगळं मागाहून.

बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या त्या हॉलमध्ये आपल्यासारखेच चाळीसेक लहान कारखानदार बसले होते. रविवार होता. मी माईक धरून उभी होते आणि मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : दोन वर्षं, प्रवास शून्य, गिऱ्हाईक एकही गेलं नाही. मला विषयच तो दिला होता, ऑनलाइन मीटिंगा घेऊन धंद्यातला प्रवासखर्च कसा वाचवायचा. मी रंगात आले होते. म्हटलं, “खोटं वाटत असेल तर आमचा मार्केटिंगचा माणूस पहिल्या रांगेत बसलाय. त्यालाच विचारा, दोन वर्षांत कारखान्याच्या पैशाने एकदा तरी बसमध्ये चढलाय का.” तुम्ही उठलात, मागे वळून सगळ्यांना हात जोडलेत आणि म्हणालात, “कारखान्याच्या पैशाने? एकदाही नाही.” मग पहिल्या टाळ्या तुम्ही वाजवल्यात. तुमच्या मागोमाग बाकीच्यांनी.

त्याच सकाळी तुम्ही चाकणहून बसने परत आला होतात. स्वतःच्या पैशाने. घरी जाऊन आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माझं भाषण ऐकायला आला होतात.

हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला पुष्कळ लोक आहेत, ते बोलताहेत. माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते मी कुणाशी भांडू?

एकवीस वर्षं तुम्ही मला अक्का म्हणत होतात आणि मी तुम्हाला अण्णा. दोघांत थोरलं कोण, हे कधी ठरलं नाही. तुम्ही वय विचारलंत की मी दोन वर्षं कमी सांगायची, मी विचारलं की तुम्ही तीन. पगारपत्रकावर तुमची जन्मतारीख होती, पण ती मी मुद्दाम पाहिली नाही. आता तुमच्या बातमीत छापून आली. तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटे होतात. धाकट्याने आधी जायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

आपली पहिली भेट आठवते? माझ्याकडे तेव्हा एक हातप्रेस आणि पत्र्याची शेड होती. पंपाच्या दांड्याला बसणारे रबरी सील मी स्वतः दाबून काढायची. तुम्ही कच्चं रबर विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होतात. किलोमागे दोन रुपयांसाठी मी तुम्हाला दीड तास बसवून ठेवलं. तिसरी कॉफी झाल्यावर तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, “अक्का, माल राहू दे. मलाच ठेवून घ्या. तुमच्या समोर बसण्यापेक्षा तुमच्या बाजूला बसणं बरं.” मी तुमच्या पगारावरही अर्धा तास घासाघीस केली. तुम्ही हसत होतात. मला वाटलं, भोळा आहे. भोळा कसला! माझ्याशी भांडून काही मिळवायचं नसतं, माझ्या शेजारी बसून सगळं मिळवायचं असतं, हे तुम्ही पहिल्या दिवशी ओळखलंत.

मग तुम्ही फिरायला लागलात. चाकण, कोल्हापूर, कोइमतूर. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात गेल्यावर इतर कंपन्यांची माणसं टाय सावरत खरेदीच्या ऑफिसात शिरतात. तुम्ही तिकडे शेवटी जायचात. आधी मागच्या दाराने स्टोअरमध्ये, हातात अर्धा किलो कॉफीची पूड. ती स्टोअरवाल्याला द्यायची, त्याच्या आईचं विचारायचं आणि मग लाल क्रेटपाशी जाऊन बसायचं. नापास झालेला माल ज्यात टाकतात, तो क्रेट. त्यातले आपले सील तुम्ही एकेक करून बाहेर काढायचात, अंगठ्याने दाबायचात, ब्लेडने कापून नाकाशी धरायचात. “रबर कच्चं राहिलं की आंबूस वास येतो, अक्का. पावसाळ्यात गाठोडं खोलल्यावर कपड्यांना येतो तसा.” मला तो वास कधीच आला नाही. मी म्हणायची, तुमच्या नाकात भूत आहे.

तुम्ही परत आलात की प्रेसवरच्या मुलींना बाजूला घेऊन काहीतरी सांगायचात, आठवड्याभरात क्रेट रिकामा व्हायचा. गिऱ्हाइकाला तक्रार करायची वेळच यायची नाही. तक्रार येत नाही म्हणजे माल चांगला, असं मी समजत होते.

आणि तुमच्या प्रवासाच्या बिलात दर वेळी एक ओळ असायची : कॉफी पूड. मी ती दर वेळी लाल शाईने खोडायची. तुम्ही दर वेळी पुन्हा लिहायचात.

मग सगळं जग घरात कोंडलं गेलं आणि लॅपटॉप आले. जग परत बाहेर पडलं तेव्हा मी म्हटलं, आपण पडायचं नाही. गिऱ्हाईक पडद्यावर दिसतं, बोलतं, ऑर्डर देतं, मग लॉजचं भाडं कशासाठी? तुम्ही कागदावर तीन महिन्यांचा दौरा लिहून आणला होता. मी वाचला पण नाही.

“वर्षाला सहा फेऱ्या, अक्का. चाकणला तरी.”

“शून्य.”

“चार.”

“अण्णा, भाजीवाली चार म्हणाली की मी तिला तीनवर आणते. आज मी शून्य म्हणतेय. शून्याच्या खाली काय असतं?”

“पडद्यावर माणूस त्याला हवं तेवढंच दाखवतो. लाल क्रेट कोण धरणार कॅमेऱ्यासमोर?”

“मागायचा. ‘क्रेट दाखवा’ म्हणायचं.”

“वरवरचे चार दाखवतील. आणि वास?”

मी टेबलावर हात आपटला. तुमच्या कॉफीचा कप सांडला, कागदावरचा दौरा भिजला. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. फुकट फिरायची चटक लागलीय, एवढं लिहिते. त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रुमालाने कागद टिपलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, “सरी, अक्का.”

बस, ‘सरी’. ठीक आहे.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एका फटक्यात ऐकलंत आणि मी खूश झाले! बाजारात वाढलेली बाई मी. जे गिऱ्हाईक पहिल्या भावाला मान डोलावतं ते माल दुसरीकडून घेणार असतं, हे मी प्रत्येक नव्या मुलाला शिकवते. तुमच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. मला वाटलं, जिंकले.

आणि पडद्यावर मी जिंकतही होते, नाही म्हणू नका. कच्च्या मालवाल्याने भाव सांगितला की मी दगडासारखी बसायची. पापणी हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. त्याला वाटायचं नेट अडकलं. “मॅडम? मॅडम, ऐकू येतंय का?” तो बिचारा घाबरून स्वतःच खाली यायचा. तुम्ही कॅमेरा बंद करून हसायचात. एकदा हसता हसता तुमचा आवाजच चालू राहिला होता आणि मुंबईचा तो माणूस म्हणाला, “मॅडम अडकल्यात, पण कुणीतरी हसतंय.”

मी हसले होते तेव्हा. खूप दिवसांनी.

रजा तुम्ही दर दोन महिन्यांनी एका शनिवारची मागायचात. कारण एकच, मेहुणीचं लग्न. तिसऱ्या वेळी मी विचारलं, “अण्णा, मेहुण्या आहेत तरी किती?” तुम्ही म्हणालात, “सासऱ्यांनी काही कमी केलं नाही, अक्का.” सगळं ऑफिस हसलं. मी रजा दिली. चांगला माणूस कधीतरी खोटी रजा घेतो, तेवढी मी सोडते.

एका शनिवारी तुम्ही रजेवर असताना मी तातडीने मीटिंग बोलावली होती. तुम्ही आलात, मागचं सगळं धूसर करून. मध्येच जोराचा भोंगा वाजला. मी म्हटलं, “हा कसला आवाज?”

“शेजारच्यांचा कुकर.”

“असला कुकर? बॉम्बच आहे तो.”

“एकत्र कुटुंब आहे, अक्का.”

तो चाकणच्या कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होता. मागच्या आठवड्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्याच्याखाली उभी राहिले आणि ‘एकत्र कुटुंब’ आठवलं. आजूबाजूला डबे घेऊन माणसं चालली होती. मी तोंडावर पदर धरला.

आता सोमवारबद्दल लिहिते. लिहायचं नव्हतं.

सोमवारची मीटिंग नऊची, सगळ्यांनी आपापल्या घरून. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत तासभर सडून ऑफिसात यायचं आणि मग बोलायचं, त्यापेक्षा बोलून मग निघा, ही माझीच बचत. नियमही माझे. फोन ड्रॉवरमध्ये. आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी दार बंद. त्यानंतर येणाऱ्याचं नाव पडद्याच्या कोपऱ्यात उभं राहतं आणि मी आत घेत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर उभं करतात तसं. दोन वर्षांत तुम्ही एकदाही उशिरा आला नव्हतात.

त्या सोमवारी नऊ पाचला तुम्ही नव्हतात. मी म्हटलं, “अण्णांची आणखी एक मेहुणी उजवली वाटतं.” सगळे हसले. मंजुनाथ सगळ्यात जास्त हसला. माल रवाना करण्याचं काम त्याच्याकडे, आणि के. आर. पुरममध्ये तुमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो तो. गाडी दारात उभी असते त्याची.

नऊ अकराला तुमचं नाव कोपऱ्यात आलं. ‘माधवराव वाट पाहत आहेत.’

मंजुनाथ म्हणाला, “अक्का, अण्णा आले.”

“दिसतंय मला. थांबू दे. आज यांना सवलत दिली तर उद्या सगळे मागतील.”

नाव गेलं. परत आलं. मी कोइमतूरच्या पार्सलाचं बोलत होते. नाव पुन्हा गेलं, पुन्हा आलं. मी मनात म्हटलंसुद्धा, बघा कसे धडपडताहेत. नऊ चोवीसला ते गेलं आणि आलं नाही.

ते तुम्ही नव्हतात. वहिनी होत्या. तुम्ही नेहमीसारखा साडेआठलाच लॅपटॉप लावून ठेवला होता आणि शर्टाची बटणं लावता लावता खाली बसलात. वहिनींनी मला दोनदा फोन केला. माझा ड्रॉवरमध्ये. मंजुनाथला केला. त्याचाही ड्रॉवरमध्ये, माझ्या नियमाने. तुम्हाला सोडून दोन गल्ल्या धावत जायचं त्यांच्याने झालं नाही. समोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता, त्यावर एक बटण होतं, रोज तुम्ही दाबताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांना मी नको होते. त्यांना मंजुनाथ हवा होता, त्याची गाडी हवी होती. तो माझ्या पडद्यावर बसून माझ्या विनोदाला हसत होता.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या लोकांनी रिक्षा आणली.

डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही नक्की किती वाजता गेलात, हे मी विचारलेलं नाही. ज्या बाईने आयुष्यात एक वस्तू आकडा न विचारता घेतली नाही, तिने हा एक आकडा विचारला नाही. नऊ अकराच्या आधीचा असेल तर मी सुटते. नंतरचा असेल तर काय? मी दोन वेळा वहिनींच्या समोर बसून आले. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

तुमची शोकसभाही मी ऑनलाइनच घेतली, अण्णा. चाकणचे, कोल्हापूरचे, कोइमतूरचे लोक कुठे येत बसतील, येण्याजाण्याचा खर्च कशाला. खरंच असंच म्हणाले मी. दार मात्र बंद केलं नाही त्या दिवशी.

खूप लोक बोलले. मग चाकणच्या खरेदी अधिकाऱ्याच्या मागून एक म्हातारा खांद्यावर टॉवेल टाकून पुढे झाला. कॅमेऱ्यात त्याचं अर्धंच तोंड दिसत होतं.

“बाई, मी स्टोअरचा गायकवाड. हे बघा.” त्याने कॉफीच्या पुडीचं पाकीट पडद्याला चिकटवलं. “अण्णांनी शनवारी दिल्याली. अजून फोडली बी न्हाई.”

मी म्हटलं, “कुरिअरने आली असेल.”

“कुरिअर कसलं? सोता आले व्हते की. ते गेले त्याच्या दोन दिस आधी. हितं क्रेटपाशी बसले व्हते दोन तास. दर दोन महिन्याला येत व्हते.” मला वाटतं, त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. “तुमीच धाडत व्हता न्हवं त्यास्नी?”

पडद्यावर वीस चौकटी होत्या. एका चौकटीत वहिनी. मी दगडासारखी बसले. पापणी हलवली नाही. कुणीतरी म्हणालं, “अक्कांचं नेट गेलं वाटतं.” मग मी म्हणाले, “हो, गायकवाडमामा. मीच पाठवत होते.”

वहिनींची चौकट काळी झाली.

या एका वाक्यासाठी मला तुमची माफी मागायला हवी, बाकी कशासाठी मागायची ते पुढे बघू. पण सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? एवढ्या लोकांसमोर म्हणायचं, की मला माहीत नव्हतं? माझाच माणूस माझ्या नाकाखालून दोन वर्षं जात होता आणि मी हॉलमध्ये उभी राहून शून्य शून्य करत होते? तुम्ही मला या जागी आणून उभं केलंत. माझा राग खोटा नाही, अण्णा. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, “अक्का, गिऱ्हाईक तुमच्या लिंकमुळे टिकलेलं नाही, माझ्या पायांमुळे टिकलंय,” तर मी आरडाओरडा केला असता, कप फोडला असता, आठ दिवस बोलले नसते. आणि नवव्या दिवशी तिकीट काढून दिलं असतं. वरच्या बर्थचं, पण दिलं असतं. तुम्ही मला तेवढीही संधी दिली नाहीत. तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलंत की ही बाई ऐकणार नाही.

बरोबर ठरवलं होतंत का? हा प्रश्न मला रोज पडतो. उत्तर द्यायला दोघं लागतात.

सभा संपल्यावर मी तशीच के. आर. पुरमला गेले. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

“वहिनी, तुम्हाला माहीत होतं?”

“डबा मीच भरून द्यायचे. मला माहीत नसेल?”

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“ते म्हणायचे, अक्कांशी भांडून जाण्यापेक्षा न सांगता गेलेलं स्वस्त पडतं.”

हे तुम्ही म्हणायचात? हसून म्हणायचात की कसे? मला ते विचारायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, “आणि मेहुण्यांची लग्नं?”

“मला बहीणच नाही, अक्का,” त्या म्हणाल्या. त्यांना एकदम हसू आलं. हसता हसता त्यांनी निवडलेली भाजी आणि देठं एकत्र करून टाकली आणि मग ती पुन्हा वेगळी करत बसल्या. मी पण खाली बसून करू लागले. सोमवारबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, आता बोलतील. आता म्हणतील, मी तीन वेळा बटण दाबलं. मी तयारीने गेले होते. शिव्या खायची माझी तयारी होती. मी निघाले तेव्हा त्यांनी मला कुंकू लावायला हात उचलला, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात खाली घेतला.

तुमचा स्टीलचा डबा मात्र त्यांनी मला दिला. “हा कारखान्याचा,” म्हणाल्या. आत चार सील होते. त्या शनिवारी लाल क्रेटमधून आणलेले. प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला, एक ब्लेडने मधोमध कापलेला. चिठ्ठी नाही. तुम्ही सोमवारी सांगणार होतात. नेहमीसारखं सांगणार होतात, “चाकणवाले फोनवर म्हणत होते, अक्का,” आणि मी नेहमीसारखी म्हणणार होते, “बघा, फोनवर कळतं की सगळं.”

मी कापलेला सील नाकाशी धरला. डब्याला कॉफीचा वास येत होता. दुसरा कसलाही नाही. दाराशी उभी राहून, डोळे मिटून, परत परत धरला. कॉफी.

प्रेसवरच्या एका मुलीने सांगितलं उष्णता कमी पडली, दुसरीने सांगितलं रबरच खराब आलं. मी दोन्ही बदललं. चाकणहून पत्र आलं की तक्रारी वाढल्या आहेत. तेव्हा मी बसचं तिकीट काढलं. हो, मी. एवढ्या वर्षांनी. तिकीटवाल्याशी घासाघीस केली नाही. तो पण जरा चकित झाला असेल.

गायकवाडमामांना मी अर्धा किलो पूड नेली होती. त्यांनी पाकीट हुंगलं आणि बाजूला ठेवलं. “ही न्हवं. अण्णांची येगळी असायची.” मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुम्ही दोन दुकानांतून दोन तऱ्हेची आणून घरी मिसळायचात. किती किती, ते त्यांना ठाऊक नाही. कधी मोजून घेताना पाहिलं नाही.

लाल क्रेट खिडकीखाली होता. मी एक रिकामा क्रेट उलटा घालून तुमच्यासारखी बसले. मामा मागे उभे. मी एकेक सील काढला, अंगठ्याने दाबला. सगळे सारखेच वाटत होते. नापास झालेले आणि खिशात आणलेले चांगले, मी दोन्ही हातांत धरून दाबले, अण्णा. मला फरक कळला नाही. माझ्या स्वतःच्या मालातला! हातप्रेसवर मी हेच सील हाताने काढलेत. माझा अंगठा तेव्हा ओळखत होता. मग तुम्ही आलात आणि मी त्याला काम दिलं नाही. दोन तास बसले. मामांनी विचारलं, “काय दिसलं का, बाई?”

“दिसलं,” मी म्हटलं.

तेवढ्यात तो भोंगा वाजला.

खरेदी अधिकारी सभ्य पोरगा आहे. त्याने चहा मागवला आणि सांगितलं, पुढच्या महिन्यापासून अर्धा माल ते दुसऱ्याकडून घेणार. उरलेल्या अर्ध्याचं नंतर बघतील. मी भाव कमी करायला निघाले, तेव्हा त्याने हात वर केला. “भावाचा प्रश्नच नाही, मॅडम.” मला त्यावर काय बोलायचं ते येत नाही. भावाचा प्रश्न नसतो तिथे मी कधी बसलेलेच नाही. निघताना तो म्हणाला, “तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात. हे मी मीटिंगमध्ये सांगितलंच असतं.”

परतीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती. मी तुमच्याशी भांडत आले. तुम्ही एकाही गोष्टीला ‘सरी’ म्हणाला नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

माझ्या उपयोगाचं तुम्ही खूप केलंत, अण्णा. मी काल हिशोब नाही, नुसती आठवण काढत बसले होते. ज्या ज्या गिऱ्हाइकाशी मी फोनवर भांडले, त्याच्याकडे दोन महिन्यांत तुमची कॉफी पोचलेली असणार. मला वाटायचं, मी कडक बोलते म्हणून लोक नीट वागतात. माझ्या मागून कुणीतरी जाऊन त्यांच्या आईचं विचारून येत होतं. हे तुम्ही माझ्यासाठी केलंत, की तुम्हाला घरात करमत नव्हतं म्हणून, की त्या म्हाताऱ्याला कॉफी आवडायची म्हणून, ते आता कुणी सांगायचं? माझ्यासाठी केलं असेल, असं धरून चालायला मला आवडलं असतं. पण मला पुरावा लागतो. वाईट सवय आहे.

पुढच्या महिन्यात त्या हॉलवाल्यांनी मला पुन्हा बोलावलंय. विषय तोच. मी नाही म्हणून कळवलं, कारण दिलं नाही.

सोमवारची मीटिंग अजून नऊलाच असते. फोन आता ड्रॉवरमध्ये नसतात, सगळ्यांच्या समोर पालथे पडलेले असतात आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. लॅपटॉप वहिनींनी परत दिला, तो माझ्या कपाटात बंद आहे. बोलावणं जायच्या यादीतून तुमचं नाव काढायचं काम मंजुनाथचं. त्याने काढलेलं नाही, मी सांगितलेलं नाही.

काल नऊ वाजून पाच झाले. सगळे आलेले होते, चारही चौकटी भरल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून कुणी उशिरा येतच नाही. मी कोपऱ्याकडे बघत होते, जिथे नाव येतं. सहा झाले, सात झाले. कुणी हसत नव्हतं. मंजुनाथने घसा साफ केला.

“अक्का, दार बंद करून सुरू करूया?”

“स्वल्प थांब,” मी म्हटलं.

नऊ अकरापर्यंत थांबले मी. मग चोवीसपर्यंत. ते सगळे थांबले.